आत या, दार लावून घ्या

नवीन वेब ॲप्लिकेशन करायला घेतलंय? अभिनंदन. डेटाबेस, लॉगिन, सर्व्हर असं सगळं तयार देणारा प्लॅटफॉर्म निवडताना उगाच डोकं शिणवू नका. डेमो बघा आणि ठरवून टाका. पाच मिनिटांत तो हसतमुख माणूस कामांची यादी ठेवणारं ॲप उभं करतो, तेही लॉगिनसकट, आणि वर म्हणतो, ‘बघा, सर्व्हरची एक ओळ लिहिली नाही.’ तुमच्या ॲपमध्ये हप्त्यांचे हिशोब, परवानग्यांची उतरंड आणि सतरा तऱ्हेचे अहवाल आहेत, हा किरकोळ तपशील झाला.

बैठकीत एक जण हटकून विचारेल, ‘पण उद्या इथून बाहेर पडायचं झालं तर?’ प्रत्येक टीममध्ये असा एक अपशकुनी असतोच. मंगलाष्टकं चालू असताना घटस्फोटाचा वकील कोण शोधतं रे, असं त्याला विचारा. सगळे हसतील, तो गप्प बसेल. निर्णय झाला.

आता संसार पक्का बांधून घ्या. विक्रेत्याचं एसडीके, म्हणजे त्याच्या सेवांशी बोलणारा त्याचाच तयार कोड, थेट वापरा, प्रत्येक स्क्रीनमधून, प्रत्येक बटणामागून. अपशकुनी म्हणेल, डेटाबेसशी बोलणारा कोड एका जागी ठेवू, म्हणजे वेळ आली तर एकच फोल्डर उघडावं लागेल. एक फोल्डर! चारशे फायली असताना? डॉक्युमेंट डेटाबेस (तक्त्यांऐवजी सुटे कागद ठेवणारा) घेतला असेल तर आणखी मौज. एसक्यूएलमधल्यासारखा सरळ जॉइन, म्हणजे दोन तक्त्यांतली माहिती जोडून वाचायची सोय, तिथे बहुधा नसतो, म्हणून ग्राहकाचं नाव ऑर्डरमध्ये, पावतीत, तक्रारीत, सगळीकडे चिकटवत चला. ग्राहकाने नाव बदललं की ते दहा ठिकाणी बदलायला एक ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारा कोड, लिहा. तो ट्रिगर अर्थातच त्याच प्लॅटफॉर्मच्या फंक्शनमध्ये, म्हणजे त्याच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या तुकड्यात. असं करत करत तुमच्या धंद्याचे नियमही तिकडेच राहायला जातात. पोस्टग्रेससारखा खुला एसक्यूएल डेटाबेस असता तर एक डम्प (सगळ्या डेटाची फाइल) काढून दुसऱ्या सर्व्हरवर चढवता आला असता, पण त्यात कसली आलीय मजा.

लॉगिन तर डोळे मिटून सोपवा. ॲमेझॉन कॉग्निटो ही लॉगिन सांभाळणारी सेवा पासवर्डचे हॅश (मूळ पासवर्ड न ठेवता तो ताडून पाहायचे ठसे) निर्यात करू देत नाही. म्हणजे निघायच्या वेळी एक तर सगळ्या वापरकर्त्यांना नवा पासवर्ड ठेवायला सांगा, नाहीतर शेवटचा माणूस लॉगिन करेपर्यंत दोन्ही यंत्रणा चालू ठेवा. शेवटचा माणूस बहुतेक सुट्टीवर असतो.

क्लाउडचा जुना शिरस्ता असा, की डेटा आत न्यायला शुल्क नाही, बाहेर काढायला दर जीबीमागे पैसे. उंदराच्या सापळ्यालाही आत जायचं तिकीट नसतं. 2024 मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचं निघून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केलं. क्लाउड बदलणं सोपं करू पाहणारा युरोपीय संघाचा डेटा कायदा तेव्हा उंबरठ्यावर होता, 12 सप्टेंबर 2025 पासून तो लागूही झाला. कंपन्यांना त्याच सुमाराला उदारता सुचली हा योगायोग समजा. तुम्ही मात्र घाबरू नका, याने तुमची गाठ सैल होत नाही. सामान हलवायला टेम्पो फुकट मिळाला, पण फर्निचर भिंतीतच बांधून काढलेलं आहे. तुमचा कोड तिथल्या कामांच्या रांगांवर, तिथल्या परवानग्यांवर, तिथल्या फंक्शनांवर उभा आहे. तो टेम्पोत चढत नाही.

‘एवढी मोठी कंपनी, ती थोडीच बंद करणार’ हे वाक्य पाठ असू द्या. पार्स ही ॲपसाठी तयार सर्व्हर पुरवणारी सेवा फेसबुकने 2013 मध्ये विकत घेतली, तेव्हा तिच्यावर ॲप बांधणाऱ्या कित्येकांनी ते म्हटलं असणार. जानेवारी 2016 मध्ये बंद करण्याची घोषणा झाली, जानेवारी 2017 मध्ये कुलूप लागलं. फेसबुकने निदान वर्षभराची मुदत दिली आणि सर्व्हरचा कोड खुला केला. इतकी माणुसकी दर वेळी भेटेलच असं नाही. ब्राउझरमध्ये ॲप चालवणारा फ्लॅश 2020 च्या अखेरीस गेला, त्याचा प्रतिस्पर्धी सिल्व्हरलाइट 2021 मध्ये. आणि खुल्या कोडवाल्यांनी फार हसू नये. 2016 मध्ये आलेला अँग्युलर 2 हा अँग्युलरजेएसचा (वेब ॲप बांधायचा खुला साचा) पुढचा अंक नव्हताच, ते वेगळंच नाटक होतं. जुन्या प्रेक्षकांना तिकीट पुन्हा काढावं लागलं.

एवढं वाचून भीती वाटलीच, तर दुसरं टोक गाठा. कोणताही डेटाबेस, कोणताही क्लाउड, कोणतीही रांग चालेल असं आवरण स्वतःच लिहा. जे बदलायला आठवडा लागला असता, त्याच्यापासून सुटका करून घेण्यात सहा महिने घालवा. (हे मी इतरांना सांगतोय, माझं असं एक आवरण अजून अर्धवट पडलंय.) ते आवरण टीममधल्या एकाच माणसाला कळलं पाहिजे आणि त्याचं डॉक्युमेंटेशन त्याच्या डोक्यात असलं पाहिजे. विक्रेता निदान बिल पाठवतो. हा एक दिवस राजीनामा पाठवतो.

तीनेक वर्षांनी दर बदलल्याचा मेल येईल. तो ‘आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून’ असा सुरू होतो आणि आकडा शेवटच्या परिच्छेदात असतो. धीर सोडू नका. लगेच दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा डेमो ठेवा. कामांची यादी असेलच. अपशकुन्याला त्या बैठकीचं बोलावणं मात्र पाठवू नका. त्याला जुना डेटा बाहेर काढायच्या कामावर बसवा, म्हणजे बरेच महिने तो काही विचारायला येणार नाही.