पान मरतं म्हणून रंगत नाही

थंड देशांतल्या लालपिवळ्या जंगलांचे फोटो फिरू लागले की पाठोपाठ एक मजकूरही फिरतो. सारांश असा: 'पहिली गोठवणारी थंडी पडली की पानं मरू लागतात. झाड पानांतलं हरितद्रव्य मुळांकडे ओढून घेतं. हिरवा पडदा सरला की आत आधीपासून दडलेले पिवळे, केशरी, लाल रंग उघडे पडतात. शेवटी वाळलेलं पान वाऱ्याने गळतं.' वाचायला झकास आहे. पण यातलं तिसरं वाक्य अर्धं खरं आहे आणि बाकीची तीन चूक.

आधी थंडीचं बघू. रंग बदलायला सुरुवात होते ती बहुतेक ठिकाणी बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी. रात्री लांबत चालल्या की झाडाला ते कळतं. तापमानाचा वाटा त्यानंतरचा. १९३६ साली न्यूयॉर्कमधल्या झाडांबद्दल एक निरीक्षण प्रसिद्ध झालं: रस्त्यावरच्या दिव्यांजवळची पानं उशिरा गळतात. थंडी तर सगळ्याच झाडांना सारखीच होती. उलट कडक थंडी अवेळी आली तर पेशी फुटतात, पान काळपट-तपकिरी होतं आणि रंगांचा सोहळा तिथेच संपतो.

हरितद्रव्य 'ओढून घेतलं जातं' हे तर ठाम चूक. ते पानातच, जागच्या जागी मोडलं जातं. आधी त्याच्या रेणूतलं मॅग्नेशियम निघतं, मग रेणूचं कडं उघडतं, आणि शेवटी उरलेले रंगहीन तुकडे पेशीतल्या पोकळीत जमा होतात. पान गळतं तेव्हा ते त्याच्यासोबत जातात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात. झाड त्यांवर पाणी सोडतं. मग एवढा खटाटोप कशाला? कारण खरी दौलत आहे ती हरितद्रव्याला चिकटलेल्या आणि त्याच्या आसपासच्या प्रथिनांत. ती मोडून नायट्रोजन फांद्यांत, सालीत, मुळांत न्यायचा असतो, आणि सुटं पडलेलं हरितद्रव्य उजेडात पेशीला पोळतं. जुनं घर पाडून लाकूडसामान काढायचं तर आधी वीज तोडावी लागते, तसंच हे. या खटपटीतून साधारणपणे पानातला निम्म्याच्या आसपास नायट्रोजन वाचतो.

(जाता जाता: मेंडेलने १८६६ साली ज्यांच्याबद्दल लिहिलं ते पिवळे आणि हिरवे वाटाणे याच कामाशी जोडलेले आहेत. त्यामागचं जनुक २००७ मध्ये ओळखलं गेलं. पिकल्यावरही हिरवा राहणारा दाणा म्हणजे हरितद्रव्य मोडण्याची यंत्रणा बिघडलेला दाणा.)

आल्डरचं झाड मात्र या भानगडीत फारसं पडतच नाही, त्याची पानं हिरवीच गळतात. त्याच्या मुळांतल्या गाठींत हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू राहतात. काटकसर करायची त्याला गरजच नाही.

आता 'दडलेले रंग'. पिवळ्या-केशरी रंगापुरतं हे बरोबर आहे. कॅरोटिनॉइड उन्हाळाभर पानात असतात, हरितद्रव्याच्या जोडीने काम करतात, आणि ते सरल्यावर दिसू लागतात. लाल रंगाची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी आहे. तो अँथोसायनिनचा, आणि ते बहुतेक झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतं, साखरेपासून, उजेडाच्या मदतीने. हे डोळ्यांनी पाहता येतं. लाल मेपलचं असं एखादं पान शोधा, ज्यावर दुसरं पान टेकलेलं होतं. वरचं पान उचललं की खालच्यावर त्याचा पिवळा ठसा दिसतो, कडा अगदी रेखीव. लाल रंग आत दडलेला असता तर सावलीतही तो उघडा पडलाच असता. बर्च आणि गिंको पिवळेच का राहतात तेही यातून कळतं: ती झाडं लाल रंग बनवण्याच्या वाटेला जात नाहीत. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गार, पण न गोठवणारी हवा असेल त्या वर्षी लाल जास्त खुलतो, तोही याचमुळे.

गळायला निघालेल्या पानावर झाड हा खर्च का करतं, यावर वाद आहे. एक पक्ष म्हणतो, लाल रंग हा अंडी घालायला येणाऱ्या किडींना इशारा. कल्पना देखणी आहे, पण मला दुसरी बाजू जड वाटते: यंत्रणा मोडत असताना पानाला ऊन सोसत नाही, आणि अँथोसायनिन सावली धरतं. २००३ साली लाल द्रव्य बनवू न शकणाऱ्या झुडपांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. प्रखर उजेड आणि थंडीत त्यांच्या पानांतून नायट्रोजन कमी परत गेला.

राहिला वारा. उन्हाळ्यात मोडून लटकलेली फांदी पाहा: पानं तपकिरी, कुरकुरीत, पण देठाला घट्ट. वाळणं पुरेसं असतं तर ती सगळ्यात आधी गळली असती. पान सुटण्यासाठी देठाच्या बुडाशी जिवंत पेशींचा एक थर लागतो, त्यातली विकरं पेशींमधला जोड विरघळवतात, आणि झाडाच्या बाजूला जखम बुजवणारं बुचासारखं आवरण तयार होतं. वारा येतो तो शेवटचा धक्का द्यायला. बीच आणि ओकच्या कोवळ्या झाडांत हा थर वेळेवर पुरा होत नाही, म्हणून त्यांची सुकलेली पानं हिवाळाभर वाऱ्यात फडफडत वसंतापर्यंत तशीच लटकून राहतात.