जातीच्या रकान्यापलीकडे

2023 पासून महाराष्ट्रात शाळांची जुनी रजिस्टरं धुंडाळली जात आहेत. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मोडी वाचणारी माणसं शोधली गेली आणि पानापानांवरच्या 'कुणबी' नोंदी टिपल्या गेल्या. आरक्षणाच्या वादात मी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये बसून निवाडा देणार नाही, तो अधिकार तिथे राहणाऱ्यांचा. पण जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीत, जातीसोबत शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असेही रकाने असतात. ते कुणी वाचतंय का?

इथल्या काउंटी अभिलेखागारांना लोक पणजोबांच्या ट्रंकेतल्या वस्तू देतात: कित्ते, मुलींनी कापडावर भरलेली मुळाक्षरं, हजेरीची पदकं. हजेरीचं एवढं कौतुक का, तर 1862 पासून शाळेचं अनुदान हजेरी आणि तपासनिसाच्या परीक्षेवर ठरायचं. पोर बटाटे काढायला गेलं की शाळेचे पैसे बुडत. घरोघरी जपलेला आणखी एक कागद म्हणजे लेबर सर्टिफिकेट. 1880 च्या कायद्याने वयाच्या 10 वर्षांपर्यंत शाळा सक्तीची केली, त्यापुढे मुलाला कामाला लावायचं तर दाखला लागे. गिरणीगावांत कित्येक मुलं अर्धा दिवस यंत्रावर आणि अर्धा दिवस वर्गात असत. ज्या देशाने आपल्यावर राज्य केलं, त्याच्या कामगारांची पोरं अशी शिकत होती, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता आपल्याकडचं पाहा. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे मागितलं, की प्राथमिक शिक्षण निदान 12 वर्षांपर्यंत सक्तीचं करा. इंग्लंडने स्वतःच्या मुलांसाठी ही मर्यादा गाठली ती 1899 मध्ये! फुल्यांचं मागणं मात्र तसंच राहिलं. त्याची किंमत कोणत्या गावातल्या कोणत्या मुलांनी मोजली, याचा पुरावा त्या न वाचलेल्या रकान्यांत सापडू शकतो. त्या काळातल्या मुलींचं स्वतःचं लिखाण तर फारच थोडं उरलंय. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध आपल्यापर्यंत आला, कारण तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने छापला.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी दारोदार फिरून दप्तरं जमवली, पण त्यांचा शोध राज्यकारभाराच्या कागदांचा होता. शाळकरी पोरांच्या कागदांसाठी तेवढी वणवण कुणी केली नाही. स्कॅन झालेल्या पानांवरचे सगळे रकाने नोंदवायला आता मोडी वाचकांना पुन्हा कामावर घ्या. आणि घरात जुना दाखला, कित्ता, बक्षिसाचं पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा जवळच्या जुन्या ग्रंथालयाला विचारा.