जुन्या चर्चला सिमेंट फासण्याचा सल्ला ऐकू नका

धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "एकोणिसाव्या शतकातलं दगडी चर्च टिकवायचं तर कच्चा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करा, कौलं उतरवून स्लॅब टाका. भेगा पडल्या असतील तर पाडून नवं बांधा." लोक श्रद्धेनं वर्गणी काढतात आणि तीच वर्गणी इमारतीच्या मुळावर येते, म्हणून हे लिहितोय.

आधी "कच्चा चुना". पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरचे फारुकी सुलतानांचे मकबरे त्याच्या कितीतरी आधीचे, आणि ते अजून उभे आहेत. चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो हे खरं, पण जुन्या भिंतीला तोच मऊपणा लागतो. पायातून ओल वर चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडून सुकते. वरून सिमेंट फासलं की तिची वाट बंद. मग ती आणखी वर चढते, पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचतात आणि त्याला ढकलून फोडतात. सिमेंट लावून काही पावसाळे झालेल्या अशा भिंतीपाशी जा. जमिनीपासून हात-दीड हात वर बोटानं ठोका. पोकळ आवाज आला तर पोपडा काढून बघा: मागे पिठासारखी पांढरी बुकटी, आणि सांध्यातला चुना भुसभुशीत. अशा ठिकाणी गवंड्याला बोल लावून पुन्हा सिमेंटच मारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चुन्याला सबुरी लागते, एवढं मात्र मान्य. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवायचा, वाळू किंवा सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा होतो, आणि तोवर त्यात ओलावा टिकावा लागतो. आपल्याकडच्या वैशाखात तो घट्ट होण्याआधीच सुकून जातो. काम दिवाळीनंतर काढा, ओली गोणपाटं लावा.

आता स्लॅब. चार इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतं. मंगलोरी कौलांचं त्याच्या पाव हिश्शाच्या आतबाहेर. शंभर-सव्वाशे वर्षं हलकं छप्पर पेललेल्या भिंतींवर हा बोजा कशासाठी? उंच उतरत्या छपराखाली गरम हवा वर जाते, म्हणून पंचेचाळीस अंशांतही खाली उपासनेला बसवतं. फुटकी कौलं बदला, वाळवी लागलेला वासा तेवढा काढा.

भेगांवरून पाडापाडीचा निर्णय तर अजिबात नको. खान्देशातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. त्यात चर्चभोवती पेव्हर ब्लॉक बसवले आणि उतार भिंतीकडे राहिला, तर पावसाचं पाणी थेट पायाशी मुरतं. आधी ते पाणी गटार काढून दूर न्या. मग भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर जुन्या बांधकामांची माहिती असलेल्या इंजिनिअरला बोलवा. शाबूत राहिली तर भेग चुन्यानंच भरून घ्या.