साइटवर लिहू नका म्हणे

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी नॅकोच्या, म्हणजे एड्स नियंत्रणाच्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटचा स्क्रीनशॉट टाकला, कंडोम कसा वापरायचा वगैरे, आणि आता मास्तर झालेला आमचा एक वर्गमित्र लगेच खवळला, म्हणे सरकारी साइटवर असलं उघडंवाघडं कशाला, पोरं बघतात. अरे पोरं फोनवर काय काय बघतात ते तुला माहीत नसेल तर कठीण आहे.

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, एचआयव्ही डॉट गव्ह ही सरकारी साइट उघडायची, झिप कोड टाकायचा, जवळ टेस्ट कुठे होते ते येतं. प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची औषधं, कुणी घ्यावं, सगळं साध्या भाषेत. कुणाची संस्कृती बुडाली नाही. हां, २०२५च्या जानेवारीत ट्रम्प आल्या आल्या सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने एचआयव्हीची बरीच पानं उतरवली होती, डॉक्टर मंडळी कोर्टात गेली, फेब्रुवारीत जजने आरोग्याची पानं परत लावायला सांगितली. हे मी ग्रुपवर टाकलं नाही, मास्तरला आयतं कोलीत कशाला द्या!

आणि संस्कृतीचं म्हणाल तर १९८६ साली चेन्नईत भारतातल्या पहिल्या केसेस शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. सरकारी दवाखान्यात एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या २००४पासून फुकट मिळतात, २०१७च्या कायद्याने संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरनं काढता येत नाही. हे सगळं आपल्याकडेच झालंय, पण ज्याला गरज आहे त्याला कळणार कुठनं? मास्तर वर्गात सांगणारे का?

त्यावर ‘तिकडे बसून शिकवू नकोस’ असं उत्तर आलं. लागलं, खोटं कशाला बोला. इथे वार्षिक तपासणीत डॉक्टरने सहज विचारलं, एचआयव्ही टेस्ट पण करायची का, मी पण सहज हो म्हटलं. मिरजेत असतो तर आयसीटीसीच्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राच्या, दारापर्यंत तरी गेलो असतो का? लॅबवाला कुणाचा तरी मेव्हणा निघणार आणि संध्याकाळपर्यंत विश्रामबागेत मावशीला खबर. माझा मोकळेपणा बराचसा इथे मला कुणी ओळखत नाही यातनं आलाय, आणि सणावाराला तेच कुणी ओळखत नाही खायला उठतं.

पण म्हणूनच तर साइट पाहिजे ना राव. तासगावच्या पोराला रात्री पांघरुणात फोन धरून वाचता येतं, कुणाचा मेव्हणा मधे येत नाही. फक्त ते पीडीएफमधे पुरून ठेवू नका, पहिल्याच पानावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की धोका वाटला तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा, त्यानंतर लागण रोखायच्या गोळ्या सुरू करून उपयोग नसतो, आणि १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन फुकट लागतो.