यूपीआय आहे, मग दुकानात विचारायला माणूस कशाला?

कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: "जीएसटी आणि यूपीआयमुळे सरकारला प्रत्येक दुकानाची विक्री कळतेच. टॅब घेऊन येणारा सर्वेक्षक टॅक्सवाल्यांचा माणूस, माहिती देऊ नका. तसंही चार दुकानं विचारून देशाचा धंदा कळत नाही." हा सर्वेक्षक येतो तो असंघटित उद्योगांच्या, म्हणजे कंपनी म्हणून नोंद नसलेल्या धंद्यांच्या, सरकारी वार्षिक सर्वेक्षणासाठी. हा सल्ला लहान दुकानदारालाच नडणारा आहे, कारण विचारल्याशिवाय त्याचा धंदा आकडेवारीत दिसतच नाही.

प्रत्येक दुकान जीएसटीत नाही. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीच लागत नाही. कपिलतीर्थ मंडईतली भाजीवाली त्यात कुठून दिसणार? कंपोझिशनवाला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणारा छोटा व्यापारी, तिमाहीचा एकत्र आकडा भरतो. साखळी दुकानांची नोंदणी बहुतेक राज्याला एकच असते. राजारामपुरीत किती खपलं आणि पुण्यात किती, हे त्यातून वेगळं निघत नाही.

यूपीआयचं तर आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानातच बघा. पैसे दुकानदाराच्या मुलाच्या नंबरवर जातात, म्हणजे नोंद होते दोन व्यक्तींमधल्या व्यवहाराची. पगार झाल्यावर कुणी दोन महिन्यांची उधारी एकदम भागवतं. ती आजची विक्री नव्हे. साखर कधी नेली ते वहीतच असतं. आणि गल्ल्यातली रोकड कुठल्याच सर्व्हरवर नसते. हे सगळं विचारल्याशिवाय कळायचं नाही.

टॅक्सची भीती मला समजते, पण सांख्यिकी संकलन अधिनियम, 2008 नुसार ही माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरायची असते. दुकानाची ओळख उघड करता येत नाही.

राहिली चार दुकानांची गोष्ट. रश्श्याची चव कळायला पातेलं संपवावं लागत नाही, पण नुसता वरचा कट चाखून चालत नाही, तळापासून ढवळावं लागतं. असंघटित उद्योगांच्या या वार्षिक सर्वेक्षणात जानेवारी 2025 पासून नेमकं हेच केलंय. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ स्तर धरलाय, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातून वेगळी दुकानं निवडतात; मुंबई-पुण्याच्या दुकानांवरून कोल्हापूर ठरत नाही. निकालही तिमाहीला येऊ लागलेत. सणांच्या धंद्याला हे फार गरजेचं होतं: लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. महाद्वार रोडची गर्दी वीस-बावीस दिवसही पुढेमागे सरकते, वर्षाच्या एका आकड्यात ती दिसतच नाही.

उणीव आहे, ती वेगळी. कंपन्यांची दुकानं, मॉल या सर्वेक्षणात येत नाहीत. त्यांची विक्री जोडल्याशिवाय देशाच्या किरकोळ व्यापाराचा पूर्ण आकडा होत नाही. जीएसटीची विवरणपत्रं खरी तिथे वापरावीत.