ध्वजारोहण कसं उरकावं

शाळा-कॉलेजांच्या पदाधिकाऱ्यांसाठी या काही उपयुक्त सूचना. परवाच्या 15 ऑगस्टला आमच्या भागातल्या एका शाळेत जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसवेना. (शाळेचं नाव घेत नाही. बऱ्याच जणांना ती आपलीच वाटेल.) पुतणी तिथल्या एनसीसीत आहे, म्हणून मला सोहळा संध्याकाळपर्यंत पाहायला मिळाला. तुम्हाला तो नाश्त्यापर्यंतचाच ठाऊक असतो.

तर, झेंडा कपाटातून काढायचा तो 15 तारखेच्या पहाटेच. आदल्या दिवशी काढला तर कसरीने पाडलेली भोकं दिसतात आणि नवा आणायला कोणाला तरी पिटाळावं लागतं. आणायचाच तर सिग्नलवर मिळतो तो घ्या. नांदेडला खादीचा तिरंगा सगळ्या मापात बसवून तयार होतो, पण त्याला पैसे पडतात. लांबी-रुंदी 3:2, चक्राला 24 आरे, असल्या बारकाव्यांत शिरलात तर मंडपवाल्याकडे कोण बघणार?

कप्पीला तेल देऊ नये.

एनसीसीचा लाल-निळा झेंडा तिरंग्याच्याच काठीवर खाली बांधून टाकावा. ध्वजसंहितेला हे चालत नाही, पण दुसरी काठी रोवायची कोणी?

गाठीबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. पोरं आठवडाभर तालीम करतात, पाकळ्या घालून घडी बसवतात आणि अशी सुरगाठ मारतात की एका झटक्यात झेंडा फडकावा. ऐन वेळी त्यांना बाजूला सारून संस्थेच्या एखाद्या उत्साही सदस्याने ‘सुटता कामा नये’ म्हणत वर निरगाठ मारावी. ती सुटत नाही. राष्ट्रगीताची 52 सेकंदं सगळ्यांनी त्या वरच्या गाठोड्याला सलामी द्यावी. नंतर सडपातळसा कॅडेट हेरून त्याला खांबावर चढवावं. ओल्या लोखंडी खांबावर.

केशरी पट्टा वर की खाली, हे ध्वज पथकातल्या मुलीला विचारू नका. तिला माहीत असतं.

प्रमुख पाहुणे तीन शाळांना कबूल झालेलेच निवडा. 15 ऑगस्टला मुख्य शासकीय ध्वजारोहण 9.05 ला असतं, म्हणून तुम्ही आपलं साडेसातलाच ठेवता. त्यासाठी मुलांना सहाला बोलावता आणि पाहुणे येतात सव्वाआठला. तोवर पोरं पावसात सावधान-विश्राम, सावधान-विश्राम. त्यात एखादं उपाशीपोटी कोसळलंच तर ग्लुकोजचं पाणी पाजून मागे बसवा आणि पाहुण्यांना शिस्तीवर बोलू द्या. ‘एकता और अनुशासन’ हे एनसीसीचं ब्रीद ते हमखास सांगतात. दोन्ही गोष्टी मुलांनीच पाळायच्या असतात.

आता मुख्य सूचना. झेंडा उतरवण्याची जबाबदारी कोणावरही टाकू नका. चढवायला अध्यक्ष, सचिव, नगरसेवक, माजी विद्यार्थी, सगळे दोरीला हात लावून फोटोत आले. संध्याकाळी कोण होतं? दोन मुली. आठवीतल्या आणि नववीतल्या. फाटकाला कुलूप, शिपाईमामांची सुट्टी, एनसीसीच्या सरांना दुसरीकडे ड्यूटी. दुपारभर पावसात भिजून झेंडा काठीला गुंडाळला गेला होता. सचिवांना फोन लावला तर पहिल्यांदा उचललाच नाही, दुसऱ्यांदा म्हणाले, “राहू दे गं, आता रात्रीही चालतो. नियम बदललाय.”

बदललाय ना! 2022 च्या जुलैत बदलला. लोकांना आपल्या घरावर, उघड्यावर तिरंगा दिवसरात्र लावता यावा म्हणून बदलला. तुम्हाला उतरवायचा कंटाळा येतो म्हणून नाही! आणि फाटका, चुरगळलेला झेंडा लावू नये, तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू नये, हे नियम कुठे बदलले? तेवढे वाचायचे राहिले वाटतं. चढवताना झरझर, उतरवताना सावकाश आणि मानाने, हेही त्याच संहितेत आहे. त्या मुलींना ते पाठ होतं. शेजारच्या दुकानदाराने कुठूनशी किल्ली मिळवून दिली. एकीने सलामी धरली, दुसरीने हळूहळू दोरी सोडली आणि झेंडा चिखलात न टेकवता हातांवर झेलला. बघायला कोणी नव्हतं, तरी.

घडी कशी करायची तेही त्यांना येतं: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग पांढरा असा दुमडायचा की चक्र वर राहील. पण ओल्या झेंड्याची घडी घातली की त्याला बुरशी धरते. वाळवायचा कुठे? वर्गांना कुलपं. शेवटी आमच्या घरात, पंख्याखाली, दोन खुर्च्यांवर पसरून रात्रभर वाळवला.

उपरोध पुरे झाला. अहो, ती तेरा-चौदा वर्षांची पोरं आहेत, तुमची नोकर नाहीत. वर्षातून 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट, मराठवाड्यात असाल तर 17 सप्टेंबर. एवढ्या दिवशी सूर्यास्ताला पंधरा मिनिटं शाळेत यायला तुम्हाला जमत नाही? मग सकाळी दोरीला हात लावायचा नाही. जो चढवेल त्यानेच उतरवायचा. कपाटाची एक किल्ली पथकाकडे द्या, कप्पीला तेल द्या, पोरांना पोहे द्या. झेंडा जीर्ण झाला तर रद्दीच्या गठ्ठ्यात कोंबू नका. तो अखंडच, चारचौघांत नव्हे तर खाजगीत, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करायचा असतो. तेवढं तरी स्वतः करा.

येत्या 26 जानेवारीला संध्याकाळी सहा वाजता मी त्या मैदानावर असेन. सचिवसाहेब, फोन चालू ठेवा.