‘पावडर देऊनही गाय खाईना’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमची तक्रार अशी: गाय व्यायल्यावर दूध वाढावं म्हणून तुम्ही खुराक (दाणे-पेंडीचं खाद्य) एकदम दुप्पट केला आणि त्याच आठवड्यात आमची यीस्टची पावडर कढत आंबोणातून सुरू केली. आठ दिवसांत खाणं वाढलं नाही, उलट गाय खुराक उष्टा टाकून सुका चारा तेवढा ओढायला लागली आणि शेण पातळ झालं. मग दुसरीकडून आणलेलं गोड टॉनिक पाजलं, तर त्याच दिवशी तिनं गव्हाण साफ केली. म्हणून तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत, ‘भूक वाढते म्हणे. ही असली पूरकं म्हणजे सगळी थोतांड.’

ताजी व्यायलेली गाय खात नसली की मालकालाही घास गोड लागत नाही, त्यामुळे तुमचा राग समजतो. तरी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, कारण इथं वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या गोठ्यातही आज हेच चाललेलं असेल.

आमच्या पाकिटावर ‘पचनासाठी’ असं छापलंय. ‘भूक वाढवते’ असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. यीस्टवरचे बरेच प्रयोग एकत्र करून सरासरी काढली, तर मोठ्या गाईचं खाणं कोरड्या वजनाच्या हिशेबानं दिवसाला पाव किलोच्या आसपास वाढतं. एवढा फरक गव्हाणीकडे बघून डोळ्यांना दिसत नाही. यीस्टचा खरा उपयोग कोठीपोट, म्हणजे गाईचं चारा आंबवणारं पहिलं मोठं पोट, स्थिर ठेवण्यात आहे. पोट स्थिर राहिलं की गाय रोज सारखं खाते, आज भरपूर आणि उद्या काहीच नाही असं होत नाही.

तुमच्या अभिप्रायातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती खुराक सोडून सुका चारा ओढत होती. खुराकातल्या स्टार्चचं कोठीपोटातले जिवाणू झपाट्यानं आम्ल करतात. ते आम्ल मारायला गाईजवळ स्वतःची लाळ असते, दिवसाला शंभर लिटरच्या वर, आणि त्या लाळेत सोडा असतो. पण लाळ सुटते ती चावण्यातून आणि रवंथातून. खुराक वाढला, चारा कमी पडला की रवंथ घटतो, लाळ घटते, आणि नेमकं तेव्हाच आम्ल वाढलेलं असतं. कोठीपोटाचा सामू (pH, आम्लाचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो. तो साडेपाचच्या आसपास उतरला की चारा पचवणारे जिवाणू मंदावतात आणि गाय आपणहून खुराकाला तोंड लावेनाशी होते. ती स्वतःला वाचवत असते. तुमच्या गाईनं बहुधा हेच केलं.

आता त्या गोड टॉनिकबद्दल. गोडीनं, वासानं जनावराचं तोंड ओढलं जातं, हे खरं आहे आणि त्याचाही उपयोग असतो, खाद्य बदलताना किंवा औषधाचा कडूपणा झाकताना. पण पोटात आधीच आम्ल असताना गोडीच्या नादानं तोच दुप्पट खुराक तिनं संपवला, तर दुखणं आणखी वाढेल. गव्हाण साफ झाली एवढ्यावर कृपा करून निर्धास्त होऊ नका.

शेणच बघा. ओंजळभर ताजं शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. अख्खे दाणे राहिले, लांब न चावलेल्या काड्या राहिल्या, किंवा शेंबडासारखे पांढरट पापुद्रे दिसले, तर खाद्य वरच्या पोटात न पचता खाली येतंय. शेणात बारीक बुडबुडे असतील तर तीही तीच खूण. दुधाची फॅट अचानक उतरलीय का, तेही बघा. आणि दुपारी गाई निवांत बसल्या असताना निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात.

यीस्ट कढत पाण्यात घातलं की मरतं. ते जिवंत असेल तरच प्रत्येक घासाबरोबर पोटात जाणारा थोडा प्राणवायू खाऊन टाकतं, आणि प्राणवायू न सोसणाऱ्या जिवाणूंना जागा मिळते. आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही त्यानं हातभार लागतो. हे सगळं बसायला दोन-तीन आठवडे जातात. आंबोण निवल्यावरच पावडर मिसळा, असं पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे.

‘सगळी थोतांड’ हे मात्र मान्य नाही. वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविकं देण्यावर युरोपीय संघानं 1 जानेवारी 2006 पासून बंदी घातली, आणि त्यांना पर्याय म्हणून यीस्ट, उपयोगी जिवाणू, सेंद्रिय आम्लं यांच्यावरचं काम त्यानंतर आणखी जोरानं सुरू झालं. काही टिकली, काही नाही. खाद्यातलं बुरशीचं विष धरायला वापरतात ती बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिन हे एक विष चांगलं धरते, पण डुकरांची भूक मारणाऱ्या, बुरशीच्याच दुसऱ्या एका विषावर ती जवळपास निकामी ठरते. म्हणजे कोणतं पूरक कशासाठी, हे बघूनच घ्यावं लागतं.

सध्या खुराक आधीच्या मापावर आणा. आधी सुका चारा, मग खुराक, आणि तोही दिवसातून तीन-चार वेळा विभागून. पुढची वाढ दोन-तीन आठवड्यांत, थोडी थोडी करत. खाण्याचा सोडा डॉक्टरांना विचारून देता येईल. गाभण गाईला मात्र शेवटच्या तीन आठवड्यांत सोडा नको, त्यानं व्यायल्यावर कॅल्शियम उतरण्याचा धोका वाढतो.

ताज्या व्यायलेल्या गाईची भूक जाण्यामागे किटोसिस (खाणं कमी पडून अंगातली चरबी जास्त वितळल्यानं होणारा आजार), गर्भाशयाचा संसर्ग, कॅल्शियमची कमतरता यातलं काहीही असू शकतं. ताप असेल, रवंथ थांबला असेल, किंवा ती चाऱ्यालाही तोंड लावत नसेल, तर आमचीच काय, कुणाचीच पावडर देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

न उघडलेली पाकिटं परत करायची असतील तर आम्ही ती घेऊ, पैसेही परत करू. आणि आज ती किती खाते, शेण कसं आहे, फॅट किती लागते, एवढं इथंच खाली लिहा. आमचे पशुवैद्य वाचून उत्तर देतील.